आठ अक्षरं

औलूच्या विद्यापीठात, तळघरातल्या खिडकीशी
हिल्काबाई नावं कापतात :
एक अक्षर नावाचं, सात आडनावाची.
डोक्यावरची टिंबं यंत्राला चालत नाहीत,
ती बुटावरच्या बर्फासारखी बाहेरच झटकायची.

पाउली आस्कानेनचं झालं ‘पास्कानेन’.
रांग फिदीफिदी हसली.
तिकडच्या भाषेत ते हगणं निघतं.
“बदलून देऊ?”
“राहू द्या. कुणी चोरणार तरी नाही.”

दिवे मालवताना आली साईमा वेस्तेरिनेन.
‘स-वेस्तेरि’ आधीच आहे :
सुलो, भूगर्भशास्त्र. नोव्हेंबरात गेले.
खात्यात अजून टपाल येतंय,
कुणी दगडांचे नमुने परत मागतंय.
“पुसते की,” बाई म्हणाल्या,
बोट मात्र कळीवरच.

“मला दोन आकडा लावा,” पोरगी म्हणाली.

आकड्याला जागा करायला
तिच्या नावातली वेलांटी गेली.