न्यूट्रल

पलूसच्या आयटीआयमधून पोस्टकार्ड आलं.
डिझेल मेकॅनिक, दुसरं वर्ष, नाव प्रतीक्षा वायदंडे.
एकच ओळ :
‘ज्या गाड्यांवर तुम्ही लिहिता
त्या तुम्हाला चालवायला देतात का खरंच?’

एकोणीस वर्षं, दर शनिवारी,
सांगली आवृत्ती, पान सहा,
हळदीच्या भावाच्या बरोबर खाली
माझं सदर असतं.
छोट्या गाड्या देतात शोरूमवाले,
शेजारी सेल्समन बसवून, अंकली फाट्यापर्यंत आणि परत.
एकदा ट्रॅक्टर दिला, दिवसभर.
तो मी मनापासून लिहिला.
पण ज्या जगात मोजून बासष्ट बनतात,
ज्यांचा वेग वाचून उपसंपादक कुंभोजकर
शून्य जास्त पडलं का विचारतात,
त्या मी कागदावरच चालवल्या.
कंपनीचं पत्रक, दोन फोटो, माझी विशेषणं.
‘वळणावर रस्ता घट्ट धरून ठेवते’ हे मी
टेबलफॅनसमोर बसून लिहिलंय.

मग लेंगऱ्यात एक आली.
अर्जुनशेठ देवकर, सेलमला गलाईची तीन दुकानं,
जत्रेला येताना बंद कंटेनरातून घेऊन आले,
सोबत बंगळूरचा कंपनीचा पोरगा, पांढरे हातमोजे घातलेला.
मी आणि फोटोग्राफर इम्तियाज
स्कूटरवरून पोचलो, तर शाळेच्या पटांगणात
ती एवढी खुजी बसलेली
की दुसरीतली पोरंही तिच्या टपावरून
पलीकडचं बघत होती.

मी विचारलं. विचारायचंच असतं.
पोरगा हसला, शिकवलेलं हसू :
‘काहींना देतो, सर. परदेशात, ट्रॅकवर,
शेजारी आमचा माणूस, चार फेऱ्या.
पण ह्या बासष्टच्या बासष्ट
बनायच्या आधीच विकल्या गेल्या.’
पुढचं तो बोलला नाही.
विकलेल्या मालाची तारीफ
कोण कशाला करून घेईल?

अर्जुनशेठ स्वतःच्या बोटांकडे बघत होते,
तेजाबानं पिवळ्या पडलेल्या नखांकडे.
‘मला तरी कुठं चालवायला मिळतीय,’ म्हणाले,
‘गुडघे बदलल्यापासनं आत शिरताच येत नाही.
बाराव्या वर्षी भट्टीपाशी उकिडवा बसायचो,
चौदा चौदा तास.
त्यातच गेले.’

ऊन सरकलं. रंगाला ऊन चालत नव्हतं.
चिंचेखाली न्यायची, पण चालू केली
की विमा, सही, थेट परदेशात नोंद.
पोरगा फोनवर बराच वेळ इंग्रजीत बोलला,
मग निकाल सांगितला :
इंजिन बंद असेल तर ती गाडी नाही,
सामान.
सामानाला कुणीही हात लावू शकतं.

‘पत्रकार, तुम्ही बसा. तुम्ही हडकुळे.’

चपला बाहेर काढल्या. का, माहीत नाही.
मागे अकरा पोरं, ग्रामपंचायतीचा शिपाई,
आणि कॅमेरा पाठीवर टाकून इम्तियाजसुद्धा.
‘हाऽऽण!’

शनिवारी लिहिलं :
स्टिअरिंग शाळेच्या गंजक्या फाटकाएवढं जड.
ब्रेकला दोन्ही पाय लागतात,
एकदाच लावला, कुत्रं आडवं आलं.
आवाज : अकरा पोरांचे श्वास,
आणि त्यातल्या एकाची उचकी.
वेग अंदाजे ताशी चार.
अंतर सत्तावीस पावलं, इम्तियाजनं ढकलता ढकलता मोजली.
चिंचेखाली छान उभी राहते.

कुंभोजकरांनी ‘चार’भोवती गोल काढला,
समासात विचारलं, शून्यं राहिली का?
नाही म्हटलं. एवढंच आहे.

आठवड्यानं पलूसचं दुसरं कार्ड :
‘इंजिन बंद असताना न्यूट्रलला कशी टाकली
ते लिहिलं नाही.’

खरंच की.
पोऱ्यानं एक हातमोजा काढून
सीटखाली कुठंतरी काहीतरी ओढलं होतं.
मी तेव्हा आरशात बघत होतो.