बूड

लाईट गेली की वडगावातल्या आमच्या गल्लीचे
सगळे माग एकदम गप्प व्हायचे,
आणि त्या बहिऱ्या शांततेत
गुरसिद्धकाका पेटीवर पट मांडायचे.
काळा एक उंट हरवलेला,
त्याच्या जागी रिकामी कांडी.

मला फ्रेंच बचाव पाठ होता
बाराव्या चालीपर्यंत, पाढ्यासारखा.
पांढऱ्याने तिसऱ्या चालीला प्यादं पुढे रेटलं
की माझी उत्तरं तयार.
काकांनी चौथीलाच भलतं काही केलं
आणि मी बावचळले,
तेरा सत्ते विचारल्यासारखी.

ते हसले नाहीत.
पांढऱ्या प्याद्यांच्या तिरप्या ओळीवरून
बोट खाली खाली आणत म्हणाले,
"बुडक्क कै हाक."
कानडी मला तुटकंच येतं,
पण बूड आमच्यातही बूडच.

टोकाचं प्यादं डोळ्यात खुपतं
म्हणून हात तिकडेच जातो.
जाऊ देऊ नकोस.
ते कुणाच्या खांद्यावर उभं आहे ते बघ.

मग दिसलं, माझं प्यादं बाजूने दोन घरं का धावतं,
घोडा का निघतो, वजीर का तिरका सरकतो,
आणि दुसरा घोडा एवढा वळसा घालून
कुठे जायला निघालाय.
चाली एकीमागून एक येतच नव्हत्या,
साऱ्या एकाच घरावर चालून जात होत्या.

"आणि हा?" मी कांडी उचलून विचारलं.
माझ्याच प्याद्यांनी कोंडलेला.
"ओंटे?" ते म्हणाले. "सावकाश."
हाही शब्द दोन्हीकडचा.

गोकाकच्या स्पर्धेत निपाणीच्या एका पोराने
बुडाचंच प्यादं उचलून माझं खाल्लं.
पुस्तकात नव्हतं.
घड्याळातली अकरा मिनिटं गेली.
आता टोकाच्याला धरून कोण आहे?
एक घोडा. फक्त एक.

ते प्यादं मी एकविसाव्या चालीला जिंकलं
आणि डाव हरले,
हत्तींच्या शेवटात, घाईने.
येताना एस.टी.त डोळे मिटून
नेमकी चूक सापडली, घरासकट.

हे सगळं काकांना मांडून दाखवत होते.
त्यांनी कांडीवर बोट टेकलं.
डाव संपेपर्यंत ती जागची हललीच नव्हती.
काहीतरी म्हणणार, तेवढ्यात लाईट आली,
गल्लीभर माग सुरू झाले.
ओठ हलताना दिसले.
बोट तिथेच होतं.