एक पाऊल माफ

सकाळी साडेसहा. इदगाह मैदानावर अजून धुकं,
फक्कीच्या रेघा दवात विरघळतायत.
हेल्मेटं नऊ, माणसं चौदा;
बाहेर जाणारा आत येणाऱ्याच्या डोक्यावर
आपलं ओलं हेल्मेट ठेवतो.

शिट्टी माझ्याकडे. खिशात पिवळं फडकं,
ताईच्या हळदीतलं उरलेलं ब्लाउजपीस,
कोपऱ्याला गाठ मारून मूठभर बाजरी बांधलेली,
म्हणजे वाऱ्यावर जात नाही,
जिथं चूक झाली तिथंच पडतं.

सुमेध पगारे मागे सरकतो, चेंडू कानाशी.
त्या वेळी बघावं त्याच्याकडे:
नजर तीस यार्ड लांब, आणि बरगड्या उघड्या,
घराला कुलूप न लावता गावाला निघाल्यासारख्या.

वाल्मीक आहेर सुटतो.
निफाडच्या कबड्डी संघाचा डावा कोपरा,
लहानपणापासून एकच शिकलेला:
समोरच्याचा दम सुटेपर्यंत घोटा सोडायचा नाही.
इथं उलटं आहे, मी त्याला चारदा सांगितलंय.
चेंडू हातात आहे तोवर तो तुझा.
चेंडू सुटला की तो कुणाचाच नाही.
एक पाऊल माफ, धावत्या अंगाला ब्रेक नसतो;
दुसरं पाऊल तू टाकलेलं असतंस.

चेंडू सुटला.
एक.
दोन.
आणि ओल्या पोत्यावर पोतं पडावं तसा आवाज.

फडकं आधी पडलं, शिट्टी उशिरा वाजली,
थंडीनं ओठ बधिर.
पंधरा यार्ड. माझी सतरा पावलं. वर नवा पहिला डाव.
"मॅडम, मी थांबत होतो," वाल्मीक म्हणाला,
"अंग थांबलं नाही."
नियमात हेतूला रकाना नाही.
मी मोजायला लागले.

सातव्या पावलाला अण्णा आठवले.
दिवाळीत, स्कूटर विकण्यावरून.
"बरं बाई, तुझंच खरं," म्हणून
त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली होती. हात रिकामे होते.
मी तरीही बोलत राहिले,
त्यांच्या डोळ्यांबद्दल, सिडकोच्या चौकातल्या त्या संध्याकाळीबद्दल,
जावयासमोर.
ते वाटाणे सोलत राहिले. सोललेले आणि सालं एकाच ताटात.
त्या घरात शिट्टी कुणाकडेच नव्हती.

कितवं होतं? बारावं की तेरावं?
परत मागे गेले, पहिल्यापासून मोजलं.
पोरं वैतागली.

सुमेध उठला, तोंडातलं गवत थुंकला.
वाल्मीकने पुढे केलेला हात
त्याने आधी घेतला नाही.
मग घेतला.

फडकं उचललं तर गाठ सुटलेली,
बाजरी सगळी गवतात,
आणि दोन साळुंक्या
नेमक्या चुकीच्या जागी टिपत बसलेल्या.
"हाकलू का?" सुमेधने विचारलं.
राहू दे, म्हटलं.
त्यांचं आटपेपर्यंत सगळे थांबलो.