लाइन क्लिअर

पासवर्ड टाकताना पडद्यावर काहीच उमटत नाही,
टिंबसुद्धा नाही.
मला वाटलं की-बोर्ड मेला.
मुबश्शिर म्हणाला, टाकत राहा, त्याला कळतंय.

एवढ्यावरच मला लिनक्स आवडलं.

मोंढ्यातल्या आडतीवरचा जुना कॉम्प्युटर,
पोटात हळदीची पूड आणि एक वाळलेली पाल.
परभणीहून आणलेली एक टीबीची डिस्क.
तीनदा परमिशन डिनाइड.
चौथ्यांदा सुडो लावलं, तेव्हा कुठं ऐकलं.
नाणं माझ्याकडं एकही नाही, यातून मिळायचंही नाही.
बायकोनं विचारलं, मग हे करतंय काय?
वही तपासतंय.
कुणाची?
सगळ्यांची.
ती म्हणाली, आणि बिल?

वालूर रस्त्याच्या सबस्टेशनात मी ऑपरेटर,
एकोणीस वर्षं.
दर तासाला व्होल्टेज, अँपिअर, तेलाचं तापमान,
निळं पेन, सही.
आधीच्या ओळीच्या खांद्यावर पुढची ओळ,
म्हणून ब्लॉक म्हणजे काय
ते मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.
आमच्या रजिस्टरची दुसरी प्रत नसते, एवढाच फरक.

जुन्या नोंदी खऱ्याच धरून चला,
अशी एक सूट हे प्रोग्राम आपणहून देतं.
वेळ वाचतो.
सेटिंगच्या फायलीत एक ओळ लिहून
मी ती सूट काढून टाकली.
मुबश्शिर म्हणाला, महिना जाईल, येडा झालास का?
जाऊ दे.

२००९चा जानेवारी. बहुतेक रिकामे ब्लॉक,
धावत्या एसटीतून दिसणाऱ्या बाभळींसारखे सरकले.
२०११, पोरगी झाली.
२०१३पासून डिस्क कण्हायला लागली.
लॉगची शेपटी धरून मी रात्री बसायचो.
टेल, कमांडच तशी आहे.
तारीख, उंची, तारीख, उंची.
घड्याळ जगाचं, आपल्याहून साडेपाच तास मागं,
मी मनातल्या मनात मिळवत जायचो.

२०१४, जून, अकरा तारीख.
मिळवून संध्याकाळचे पाच चाळीस.

गफार खांबावर होता,
परमिट माझ्याच हातून घेतलेलं.
साहेबांचा फोन, लाइन का नाही अजून?
मी लिहिलं, लाइन क्लिअर परत, पाच चाळीस.
गफार उतरला सहाला. उतरवला.
उजव्या हाताची दोन बोटं वरच राहिली.
चौकशीत रजिस्टर उघडलं.
रजिस्टरात पाच चाळीसच होतं.
सगळ्यांनी सह्या केल्या,
गफारनंही, डाव्या हातानं.

पडद्यावरून तो दिवस चार मिनिटांत गेला.
एकही ब्लॉक नाकारला नाही.
त्यात नाकारण्यासारखं काही नव्हतंच,
नाकारायचं ते
वालूर रस्त्याच्या लोखंडी कपाटात आहे,
खालून दुसऱ्या खणात.

परवा मला नाइट होती.
लोड चढला, वरून निरोप आला,
गावठाण फीडर बंद करा.
त्याच फीडरवर माझं घर.
मशीन तेव्हा २०२१पर्यंत आलं होतं.
हँडल फिरवलं. ब्रेकर पडल्याचा तो ठाप आवाज,
आणि लांब सेलूचा एक तुकडा विझला.
लिहिलं, दोन दहा.
घड्याळ दोनदा बघून लिहिलं.

सकाळी घरी आलो तर डेटाबेस खराब.
रीइंडेक्स म्हणजे पुन्हा जानेवारी.

रविवारी गफार आला. आता तो मीटरचे फोटो काढत फिरतो.
पाणी प्यायला, म्हणाला, काय करायलंय रे हे?
मागचं तपासायलंय, म्हणलं, सगळं,
पहिल्यापासून.
त्यानं कॅबिनेटवर हात ठेवला,
तोच हात.
मी तारखेकडं बघत होतो. २०१० चालू होतं.
अजून वेळ होता.

तापायलंय की, तो म्हणाला.
पंखा लाव.