दोन नंबर फाटक

नियम वरून आले, लॅमिनेट होऊन आले,
मी ते केबिनच्या काचेवर चिकटवले.
आषाढात कुठूनशी ओल आत शिरली
आणि कलम चारमधला ‘दंड’ असा फुगला
की नवी पोरं त्याला ‘थंड’ वाचतात.

विद्यापीठाच्या हद्दीत वेग वीस.
आता रोपवाटिकेच्या उतारावर सायकलला
वीस म्हणजे काय ते कुणी सांगायचं?
ब्रेक म्हणजे उजव्या पायातली चप्पल.
जांभ्याची लाल धूळ उडवत पोरं माझ्या शिट्टीच्या
पुढे निघून जातात,
शिट्टी बिचारी मागून पोचते.

‘माडाखाली गाडी लावू नये’
हे मात्र मी बॉलपेनने खाली जोडलं.
छापील नव्हतं, म्हणून कुणी मानलं नाही.
मग मृदाशास्त्राच्या केळुसकरसरांच्या नव्या गाडीवर
एक नारळ बरोबर मधोमध उतरला.
जबाबदार कोण, त्यांनी विचारलं.
मी वर बघितलं.
मग त्यांनीही बघितलं.

स्टिकर तीन रंगांचे:
पांढरा नोकरीचा, हिरवा शिक्षणाचा, पिवळा पाहुण्यांचा.
यशोदी पावसे हर्णैहून येते, रोज, साडेआठला,
टोपली ट्यूबच्या रबराने मागे आवळलेली,
स्कूटरच्या नंबरात एक आकडा, बाकी खवले.
तिला कुठला रंग द्यावा?
रोज येणारा पाहुणा नसतो म्हणतात.
मी रजिस्टर उघडतो. येण्याचं कारण: बांगडे.
दुसऱ्या दिवशी: मांदेली.
बंदीच्या दिवसांत: सुकट, थोडे बोंबील.
बाहेर जाण्याची वेळ: संपल्यावर.
तपासणीचे साहेब म्हणाले, घडशी, हे काय लिहिलंय?
म्हटलं, खरं.
त्यांनी सही केली आणि हळूच विचारलं,
आज काय आणलंय.

कलम अकरा. नव्वद दिवस एकाच जागी उभी सायकल
बेवारस समजून लिलावात काढावी.
खेडचा भंगारवाला डिसेंबरात टेम्पो घेऊन येतो.
इथे खारा वारा नव्वद दिवस थांबत नाही,
चेन आधी लाल होते, मग मुकी.

एक निळ्या घंटीची आहे.
ऋत्विज कोळंबेकर, उद्यानविद्या, दुसरं वर्ष.
परीक्षेच्या आदल्या आठवड्यात घरून फोन आला,
कुलूप लावलं, चावी खिशात टाकली,
म्हणाला, काका, सोमवारी येतो.
कुठला सोमवार ते बोलला नाही,
म्हणजे खोटं बोलला असं म्हणता येत नाही.

‘एकाच जागी’ असं लिहिलंय ना?
मग एकोणनव्वदाव्या दिवशी
मी ती मागच्या चाकाला धरून उचलतो
आणि ग्रंथालयाच्या स्टँडवरून वसतिगृहाच्या स्टँडवर नेतो.
खांबावर खडूने तारीख.
पुढल्या खेपेला उलट.
आठ वेळा झालं. गुडघा म्हणतो, नऊ नको.

या एकतीसला मी निवृत्त.
माझ्या जागी धाडवे आलीय, बावीस वर्षांची,
सगळी कलमं तोंडपाठ,
पहिल्याच दिवशी खुद्द कुलसचिवांना म्हणाली, हेल्मेट.
काल स्टँडवर उभी राहून तिने विचारलं,
ही निळ्या घंटीची इथे कधीपासून?
मी खडूकडे बघत म्हटलं, मंगळवारपासून.
आणि त्याआधी?
त्याआधी तिकडे.
ती गप्प झाली. नियम मनात उलटसुलट करून बघितला असावा.
मग वाकून टायर दाबला,
म्हणाली, हवा गेलीय, अशी कशी उचलत होता तुम्ही?

पंप केबिनमध्येच असतो, पाण्याच्या पिंपामागे.
तो तिला दाखवायचा राहिला होता,
तेवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला,
साडेआठ.
रजिस्टर तिच्याच हातात होतं.
कारण? तिने विचारलं.
यशोदीने टोपलीवरचं ओलं फडकं जरासं बाजूला केलं:
बघ नि लिही.