केरू

तीन प्रकल्प वारले माझे.
'प्रज्ञान', 'सेतुबंध', 'अक्षय'.
अक्षय तर अकराव्या दिवशीच,
बारशाच्या आदल्या रात्री.

चौथा एवढंच सांगतो:
हडर्सफील्डच्या आमच्या चढाच्या गल्लीत
उद्या हिरवा डबा बाहेर ठेवायचा की करडा.
दोनशे चाळीस ओळी. त्यातल्या साठ
नुसत्या बँक हॉलिडेच्या आठवड्यासाठी.

नाव मागणारी चौकट लुकलुकत राहिली.
'निर्मल' आधीच कुणी घेतलेलं,
'स्वच्छ' घेतलेलं,
शेपटीला आकडा लावला तरी घेतलेलं.
समोरच्या मिसेस हेग म्हणाल्या,
"सरळ डबा म्हण की."

मग वडिलांचं शाळेच्या दाखल्यावरचं नाव आठवलं.
आधीची दोन दगावली म्हणून सुईणीनं
त्यांना सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं,
परत उचललं, आणि तेच नाव दिलं.
केर कोण चोरून नेणार?
पुढे कॉलेजात, पोरं हसायची म्हणून,
गॅझेटात छापून ते केदार झाले.

मी टाइप केलं: केरू.
कुर्र करायला कान नव्हता कुणाचा,
एंटर दाबलं.

फोनवर सांगितलं तर बाबा गप्प.
पलीकडे कुकरची एक शिट्टी झाली.
मग म्हणाले, "पैसे मिळतात का त्याचे?"
"नाही."
"मग जगेल."

बुधवारी सात वाजता, भुरभुर पावसात,
मिसेस हेग रस्त्यापलीकडून ओरडल्या,
"तुझा कॅरू म्हणतोय हिरवा!"
आणि त्यांचा डबा
खडखडत उताराला लागला.