अकराची पेज

वेर्ण्याच्या कारखान्यात रात्रपाळीला
मी गोळ्या पट्टीत भरायच्या यंत्रापाशी उभा असतो.
दहा-दहाची पट्टी. एखादा कप्पा रिकामा गेला
की लाल दिवा लागतो.
माझा दिवा कधी लागला
ते कुणी पाहिलं नाही. मीही नाही.

बांबोळीला लोटलीकर डॉक्टरीणबाईंनी
झोपेचं विचारलं, रडू येतं का विचारलं,
मग फाइल मिटून म्हणाल्या,
"काल काय जेवलात?"

आठवायलाच वेळ लागला.
पहाटे तीनला मशीनची कॉफी.
क्रीमची बिस्किटं, तीही मधलं क्रीम खरवडून.
परवा गाड्यावर रोस ऑम्लेट, अर्धं कुत्र्याला.
आणि त्याआधी?
त्याआधी सुपरवायझरची बोलणी खाल्ली.
बढतीच्या मुलाखतीत कच खाल्ली.
सुलक्षेचं फोंड्याला ठरलं म्हणून कळलं,
तेव्हा हाय खाल्ली.
राग गिळला. आवंढे मोजले नाहीत.
अपमान तेवढा पचला नाही,
अजून वर येतो, आंबट.

बाई हसल्या नाहीत.
"खाल्लंत बरंच की," म्हणाल्या,
"पण अंगी लागेल असं काय?"

रक्त तपासलं. बी-ट्वेल्व्ह तळाला, लोह त्याच्या शेजारी.
"पोट आणि डोकं म्हणजे एका घरातल्या दोघी जावा.
एकीनं अबोला धरला
की दुसरी चूल पेटवत नाही.
गोळी घ्यायचीच. पण ती बिचारी
रिकाम्या घरात कुणाशी बोलणार?"

पट्टी उलटी करून पाहिली:
उत्पादन, वेर्णा, गोवा.
कुणास ठाऊक, माझ्याच पाळीची.

नागव्याला माझ्या खोलीची मालकीण आनासियेता.
नवरा तारवटी होता, बोटीवरच गेला.
ती औषधाची चिठ्ठी बघून काही बोलली नाही.
दुसऱ्या दिवशी अकराला दारावर थाप,
"उठ रे, पेज थंड जाता."

उकड्या तांदळाची, वाफाळती.
निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा,
बरणीतलं एक तोर, खारट, सुरकुतलेलं.
तीन चमचे गेले. मग हात थांबला.
तिनं वाडगा उचलला, कोंबड्यांना घातला,
दुसऱ्या दिवशी पुन्हा थाप.

बरं वाटलं असं नाही म्हणणार.
कितीतरी सकाळी नुसती कूस बदलली
आणि थाप वाजत राहिली.
पण एकदा यंत्रापाशी, पहाटे चारच्या सुमारास,
तोंडाला पाणी सुटलं, उगाच, त्या तोराच्या आठवणीनं,
आणि मी दचकलो,
बंद खोलीत कुणीतरी खोकावं तसा.

मग एका गुरुवारी अकरा वाजले,
सव्वाअकरा, थाप नाही.
उतरून गेलो. स्वयंपाकघरात ती
खुर्चीत बसलेली, गॅस विझलेला,
टेबलावर बोटीचा फोटो, पुढे मेणबत्ती.
"भूक ना म्हाका," म्हणाली, भिंतीकडे बघत.

काय बोलायचं ते मला ठाऊक नव्हतं.
दोन मुठी तांदूळ धुतले.
पाणी अंदाजानं.
बांगडा एका बाजूनं करपला,
धूर झाला, मांजर आलं, शिटी कुठली नाहीच
म्हणून झाकण उचलून उचलून पाहत राहिलो.

पेज पातळ झाली. मीठ विसरलो.
तिनं एक घोट घेतला.
"हें कितें, उदक?"
आणि उठून मिठाची बरणी काढली,
आधी माझ्या वाडग्यात घातलं.